संगणकीय प्रतिमा-संपादनात धुके व मेघांची निर्मिती : एक शास्त्रीय विवेचन

बीजशब्द : धुके, मेघ, दृश्यता, यथादर्शन, प्रतिमा-संपादन, लेअर मास्क, छायाचित्राची विश्वसनीयता.

प्रस्तावना :

तालुक्याच्या गावातील फोटो स्टुडिओत एकेकाळी रंगविलेला पडदा टांगलेला असे. डोंगर, तळे, त्यावर कापसासारखे ढग आणि कोपऱ्यात राजवाड्याची कमान एवढे साहित्य त्या पडद्यावर असले की नवदांपत्याच्या छायाचित्राची सिद्धता पूर्ण होई. संगणक आल्यावर पडदा गुंडाळला गेला, पण ढग राहिले. सोनपेठसारख्या गावी लग्नाचा अल्बम आज संगणकावर तयार होतो आणि त्यातील एखाद्या तरी पानावर वधूवर मेघांवर उभे असतात किंवा धुक्यातून चालत येत असतात.

या परिणामाची कृती सांगणारी पुस्तके आणि चित्रफिती विपुल आहेत. त्यांतील बहुतेक कृती 'छायाचित्रावर पांढरा थर द्या आणि त्याची ओपॅसिटी कमी करा' येथेच थांबतात. अशा रीतीने तयार झालेले चित्र पाहताना दुधी काचेतून पाहिल्याचा भास होतो, धुक्याचा होत नाही. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नसले तरी काहीतरी खोटे आहे एवढे त्याला चटकन जाणवते. या जाणिवेचे कारण सॉफ्टवेअरमध्ये शोधून सापडत नाही; ते धुक्याच्या स्वभावात आहे. धुके ही रंगाची बाब नसून अंतराची बाब आहे, हे सूत्र धरून धुके व मेघ यांच्या निर्मितीचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. फोटोशॉप हे सॉफ्टवेअर आधारासाठी घेतले असले तरी येथील तत्त्वे विनामूल्य उपलब्ध असलेल्या 'गिम्प'लाही तितकीच लागू पडतात.

धुक्याचे स्वरूप :

सोनपेठ तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी वाहते. जमिनीत ओल असेल, रात्र निरभ्र व निवांत असेल तर हिवाळ्याच्या पहाटे नदीकाठावर आणि उसाच्या फडांवर धुके उतरते. या भागातील शेतकरी त्याला 'धुई' म्हणतो आणि तूर फुलोऱ्यात असताना ती पडली की धास्तावतो. रात्री जमीन उष्णता बाहेर टाकून थंड होते, तिच्या लगतची दमट हवाही थंड होते आणि हवेतील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. हे थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास व्यासाचे असतात. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या तुलनेत ते पुष्कळ मोठे असल्यामुळे सर्व रंगांचा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. म्हणून धुके पांढरट करडे दिसते. दूरच्या डोंगरावर दिसणारी निळसर धूसरता त्याहून वेगळी, कारण ती हवेतील अतिसूक्ष्म कणांमुळे व रेणूंमुळे येते. शासकीय चित्रकला परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्याला 'दूरचे डोंगर निळे व फिके रंगवावेत' हा नियम पाठ असतो. धुक्याला हाच नियम लावून निळी छटा देणारे संपादक पुष्कळ आढळतात. त्यांचे धुके धुक्याऐवजी संध्याकाळसारखे दिसते.

हवामानशास्त्रात दृश्यता १००० मीटरपेक्षा कमी झाली म्हणजे त्या स्थितीला धुके म्हणतात. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार दृश्यता २०० मीटरच्या खाली गेल्यास ते दाट आणि ५० मीटरच्या खाली गेल्यास अतिदाट समजले जाते. दृश्यता म्हणजे काय, हे १९२४ साली हाराल्ड कोश्मीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने गणिताने मांडले. वस्तू व तिची पार्श्वभूमी यांतील प्रकाशभेद अंतराबरोबर ठरावीक प्रमाणात घटत जातो आणि मूळच्या सुमारे २ टक्क्यांवर आला की डोळ्यास वस्तू दिसेनाशी होते, असे त्याच्या सिद्धांताचे सार आहे.

येथे 'ठरावीक प्रमाणात' हे शब्द महत्त्वाचे आहेत. शेताच्या कडेने जाणारे विजेचे खांब उदाहरणादाखल घेता येतील. दर ५० मीटरवर एक खांब आहे आणि दृश्यता बरोबर १००० मीटर आहे असे मानले, तर पहिल्या खांबाचा मूळच्या ८२ टक्के प्रकाशभेद शिल्लक राहतो, दुसऱ्याचा ६८, तिसऱ्याचा ५६, चौथ्याचा ४६. प्रत्येक खांब आधीच्या खांबाच्या ८२ टक्के उरतो. प्रत्येक वेळी सारखीच वजाबाकी होत नाही, सारखाच गुणाकार होतो. ५०० मीटरवरील देवळाच्या शिखराचा जेमतेम १४ टक्के प्रकाशभेद उरतो आणि १००० मीटरवरील पैलतीर नाहीसा होतो. संपूर्ण छायाचित्रावर एकसारखा पांढरा थर दिला असता जवळचा खांब, देऊळ आणि पैलतीर या तिन्हींना एकच अंतर दिल्यासारखे होते. दुधी काचेचा भास होतो तो यामुळे.

थर, पारदर्शकता व समीकरण :

धुक्यातून कॅमेऱ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाचे दोन भाग असतात. वस्तूकडून निघालेल्या प्रकाशाचा वाटेत न विखुरता उरलेला अंश हा पहिला भाग. वाटेतील थेंबांनी चहूकडचा प्रकाश विखुरून कॅमेऱ्याकडे वळवला तो दुसरा. पहिला जेवढा घटतो तेवढ्या प्रमाणात दुसरा वाढतो. संगणकीय दृष्टीच्या क्षेत्रात हेच प्रतिमान वापरले जाते. कोलंबिया विद्यापीठातील श्रीनिवास नरसिंहन व श्री नायर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वातावरणाचा असा विचार विस्ताराने केलेला आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, फोटोशॉपमध्ये करड्या रंगाचा थर 'नॉर्मल' पद्धतीने ठेवून त्याची ओपॅसिटी कमीअधिक केली असता सॉफ्टवेअर नेमके हेच गणित करते. खालच्या चित्राचा काही अंश आणि वरच्या थराचा उरलेला अंश यांची बेरीज होते. दृश्यता १००० मीटर असताना २०० मीटरवर ४६ टक्के प्रकाशभेद उरतो, म्हणून तेथे धुक्याच्या थराची ओपॅसिटी ५४ टक्के हवी.

समजा, २०० मीटरवर पांढरे धोतर नेसलेला गुराखी आणि त्याची म्हैस उभी आहे. ० ते २५५ या मोजपट्टीवर धोतराचे मूल्य २५०, म्हशीचे ३० आणि धुक्याचे २०५ आहे. धुक्यातून धोतर २२६ होईल आणि म्हैस १२५. दोघांतील अंतर २२० वरून १०१ वर आले. म्हैस उजळली हे कोणालाही अपेक्षित असते, पण धोतर मळकट झाले याकडे सहसा लक्ष जात नाही. अनेक मार्गदर्शक पुस्तके धुक्यासाठी 'स्क्रीन' ही मिश्रणपद्धती सुचवितात. 'स्क्रीन' पद्धतीत कोणताही बिंदू गडद होऊ शकत नाही. तेच धोतर २५२ होते आणि धुक्यातून बाहेर उडी मारल्यासारखे चमकते. म्हणून दृश्यात पांढऱ्या वस्तू असतील तर 'नॉर्मल' पद्धत श्रेयस्कर ठरते. अर्थात पिक्सेलची मूल्ये ही प्रत्यक्ष प्रकाशाच्या थेट प्रमाणात साठविलेली नसतात, त्यामुळे वरील आकडे दिशादर्शक मानून शेवटची दुरुस्ती डोळ्यानेच करावी लागते.

धुक्याचा थर अगदी सपाट करड्या रंगाचा ठेवण्याऐवजी त्यात थोडी हालचाल असावी, यासाठी 'क्लाउड्स' फिल्टर त्यावर सौम्यपणे वापरून 'गॉशियन ब्लर'ने पसरवितात. ते योग्यच आहे. मात्र हा शेवटचा हात आहे, धुक्याचा पाया नव्हे.

सावलीचा विचार तर बहुधा होतच नाही. धुक्यात प्रकाश सर्व दिशांनी येतो, त्यामुळे धारदार सावल्या पडत नाहीत. भर दुपारी काढलेल्या, बाभळीखाली काळी सावली असलेल्या छायाचित्रावर कितीही कौशल्याने धुके पसरले तरी ती सावली सगळे उघडे पाडते. ढगाळ दिवशी किंवा सूर्योदयापूर्वी घेतलेले छायाचित्र या कामासाठी निवडावे, हा सल्ला कोणत्याही फिल्टरपेक्षा अधिक मोलाचा आहे.

क्षितिजाजवळील दाटी :

एकसारखा थर चुकीचा आहे हे कळल्यावर संपादक ग्रेडियंटकडे वळतो. लेअर मास्कवर तळाशी काळा व वर पांढरा असा ग्रेडियंट ओढला की तळाकडे धुके विरळ आणि वर दाट होते. ही सुधारणा खरी, पण अपुरी आहे. सपाट जमिनीवर अंतर आणि छायाचित्रातील जागा यांचे नाते व्यस्त असते. अंतर दुप्पट झाले की वस्तूचा पाया क्षितिजाच्या निम्मा जवळ सरकतो. ५० मीटरवरील खांबाचा पाया क्षितिजाच्या ८० पिक्सेल खाली असेल, तर १०० मीटरवरील खांबाचा ४०, २०० मीटरवरील खांबाचा २० आणि १००० मीटरवरील काठ अवघा ४ पिक्सेल खाली येईल. उलट १० मीटरवरची जमीन ४०० पिक्सेल खाली असेल.

या हिशेबाने ४०० पासून ८० पिक्सेलपर्यंतच्या विस्तीर्ण पट्ट्यात धुके ४ टक्क्यांवरून केवळ १८ टक्क्यांपर्यंत वाढते आणि उरलेल्या ८० पिक्सेलांच्या अरुंद पट्टीत ते १८ टक्क्यांवरून जवळजवळ पूर्ण होते. साध्या ग्रेडियंटमध्ये ही वाढ सर्वत्र सारखी वाटली जाते. परिणामी अग्रभाग नको तितका फिका होतो आणि क्षितिजाजवळ, जेथे धुक्याने झपाट्याने दाटायला हवे, तेथे ते कमी पडते. मास्कवरील ग्रेडियंट 'कर्व्ह्ज'च्या साहाय्याने वाकवून क्षितिजाशी गोळा केला की चित्र एकदम खरे वाटू लागते. हा एकच बदल इतर दहा युक्त्यांपेक्षा अधिक काम करतो.

दुसरी अडचण उभ्या वस्तूंची. बाभळीचे खोड आणि शेंडा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतात. उभा ग्रेडियंट मात्र शेंड्याला अधिक धुके देतो, जणू झाड मागे रेलले आहे. म्हणून झाड, खांब, माणूस यांना वेगळे निवडून त्यांच्या पायाशी जेवढे धुके आहे तेवढेच संपूर्ण आकृतीला द्यावे लागते. काम वेळखाऊ आहे. अल्बमच्या घाईत ते टाळले जाते हे समजण्यासारखे आहे. जमिनीलगत साचलेले उथळ धुके दाखवायचे असेल तर हिशेब उलटतो, कारण तेथे खोड झाकले जाते आणि शेंडा मोकळा राहतो. मंगल कार्यालयात ड्राय आइसचा जो धूर सोडतात तो या प्रकारचा होय. तो थंड व हवेपेक्षा जड असल्याने वधूवरांच्या पायांभोवती रेंगाळतो, चेहऱ्यापर्यंत चढत नाही. संगणकावर तोच परिणाम घडविताना चेहऱ्यावरही पांढरी छटा आणणे ही वारंवार दिसणारी चूक आहे.

मेघांची निर्मिती :

आकाशात मेघ बाहेरून आणून बसविण्याची कल्पना संगणकाहून फार जुनी आहे. आरंभीची छायाचित्रण-द्रव्ये निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने जमीन नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जाई. म्हणून फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात समुद्र व आकाश यांची वेगवेगळी निगेटिव्हे एकत्र छापून समुद्रदृश्ये तयार केली. महाराष्ट्रात दादासाहेब फाळके हे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण व मुद्रण या दोन्ही कलांत मुरलेले होते. एकाच फिल्मवर पुन्हा प्रकाश पाडून दोन दृश्ये एकत्र आणण्याची युक्ती त्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'पासून वापरली आणि १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये हनुमंताचे उड्डाण पडद्यावर दाखविले. 'प्रभात'च्या १९३६ मधील 'संत तुकाराम'मध्ये दामले-फत्तेलाल यांनी साकारलेले वैकुंठगमन याच परंपरेतील. १९९४ साली फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत 'लेअर्स' आले, तेव्हा निगेटिव्हवर निगेटिव्ह ठेवण्याच्या या जुन्या कारागिरीलाच संगणकात जागा मिळाली असे म्हणता येईल.

'फिल्टर' सूचीतील 'रेंडर' या गटात 'क्लाउड्स' नावाची आज्ञा आहे. अग्रभाग व पार्श्वभाग यांसाठी निवडलेले दोन रंग घेऊन ती क्षणात ढगाळ आकृती तयार करते, आणि दर वेळी आकृती निराळी असते. या प्रकारच्या आकृतींमागील कल्पना केन पर्लिन या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाच्या कामाशी निगडित आहे. १९८२ च्या 'ट्रॉन' या चित्रपटावर काम करताना संगणकाने घडविलेली पृष्ठे अतिगुळगुळीत व यांत्रिक दिसतात हे त्याला खटकले. त्यातून त्याने यादृच्छिक पण सलग बदलणाऱ्या आकृतीची रीत शोधली. ती १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९९७ मध्ये तिला ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मोठे, सौम्य चढउतार प्रथम घ्यायचे. त्यांवर निम्म्या आकाराचे व निम्म्या तीव्रतेचे चढउतार मिसळायचे. त्यांवर पुन्हा त्याच्या निम्मे. अशा पाचसहा फेऱ्यांनंतर मेघासारखी आकृती उमटते.

'मेघासारखी' हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. या आकृतीला वरखाली, दूरजवळ असे काहीच नसते. खऱ्या आकाशाला असते. श्रावणातील राशिमेघांचे तळ सपाट आणि सारख्या उंचीवर दिसतात, कारण वर चढणारी हवा साधारण त्याच उंचीवर थंड होऊन तिच्यातील बाष्पाचे थेंब बनू लागतात. हे सपाट तळ म्हणजे डोक्यावरचे एक छतच असते. त्यामुळे माथ्यावरचे ढग मोठे व सुटे, तर क्षितिजाकडचे लहान, चपटे आणि एकमेकांत मिसळलेले दिसतात. जमिनीला लागू असलेला व्यस्त प्रमाणाचा नियम येथे उलटा टांगलेला आहे. म्हणून 'क्लाउड्स'ची आकृती चित्रापेक्षा बरीच मोठी करून घ्यावी, 'फ्री ट्रान्सफॉर्म'मधील 'पर्स्पेक्टिव्ह' वापरून तिची वरची कड रुंद ताणावी व खालची कड क्षितिजाशी दाबावी, आणि क्षितिजालगत थोडी धूसरता द्यावी. आकृती पसरट, पातळ ढगांना शोभते. राशिमेघाचे फुगीर घुमट व त्यांवरील ऊनसावली हा फिल्टर देऊ शकत नाही. तेथे स्वतः काढलेले आकाशाचे छायाचित्रच घ्यावे. ते घेताना जमिनीवरील सावल्या ज्या दिशेला आहेत त्याच्या विरुद्ध बाजूने ढग उजळलेले आहेत ना, एवढे पाहावे. ज्येष्ठातील रखरखीत काळ्या रानावर श्रावणातील मेघ चिकटविलेले चित्र शहरातील डोळ्याला चालून जाईल, पण मराठवाड्यातील शेतकरी त्याला हसेल. ज्या प्रदेशात शासनाने २०१५ व २०१९ मध्ये कृत्रिम पावसासाठी विमाने उडविली, तेथील माणसाचा ढगांचा अभ्यास सहज फसण्यासारखा नाही.

नवी साधने :

धुक्याचे समीकरण उलटे सोडविले तर धुके काढताही येते. हे कायमिंग, सुन जियान व तांग शियाओऊ यांनी २००९ मध्ये एकाच छायाचित्रावरून धुक्याची जाडी ओळखण्याची सोपी रीत मांडली. स्वच्छ दृश्याच्या बहुतेक लहान भागांत एखादा तरी बिंदू कोणत्या तरी रंगात गडद असतो. तो गडद राहिला नाही तर तेवढे धुके आहे असे समजायचे. अ‍ॅडोबीने २०१५ मध्ये 'डीहेझ' ही पट्टी उपलब्ध करून दिली. ती उलट दिशेला सरकविली की धूसरता वाढते. २०२० मध्ये फोटोशॉपमध्ये आकाश बदलण्याची सोय आली आणि त्याच सुमारास चित्रातील खोली ओळखून धूसरता देणारा न्यूरल फिल्टरही आला. वर सांगितलेला अंतराचा हिशेब आता यंत्र स्वतः करू पाहते. एका छायाचित्रावरून केलेला तो अंदाजच असतो. तुरीच्या विरळ फांद्या, विजेच्या तारा, केसांच्या बटा अशा जागी तो हमखास चुकतो. तेव्हा मास्क हाताने दुरुस्त करण्याचे काम टळलेले नाही.

छायाचित्र, अलंकार व पुरावा :

लग्नाच्या अल्बममधील धुके हा अलंकार आहे आणि सर्वांना ते ठाऊक असते. तेच धुके दुसऱ्या छायाचित्रात गेले की त्याचा अर्थ बदलतो. २००६ च्या ऑगस्टमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने प्रसारित केलेल्या बैरूतवरील हवाई हल्ल्याच्या एका छायाचित्रात धूर 'क्लोन' साधनाने वाढविल्याचे उघड झाले. धुराचे तेच ते लोट पुन्हा पुन्हा उमटल्याचे वाचकांच्याच ध्यानात आले. संस्थेने त्या छायाचित्रकाराची ९२० छायाचित्रे विक्रीतून काढून घेतली.

हा प्रश्न बैरूतपुरता नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः पिकाचे छायाचित्र अपलोड करू लागला आणि सातबाऱ्यावरील पीकनोंदीला त्याचा आधार मिळू लागला. पीकविम्यात नुकसानीची सूचना भ्रमणध्वनीवरून छायाचित्रासह देण्याची सोय झाली. अतिवृष्टीचे आभाळ, पाण्यात बुडालेले सोयाबीन, धुईने झडलेली तूर ही छायाचित्रे आता कागदपत्राच्या योग्यतेची झाली आहेत. अशा काळात, अल्बममध्ये ज्या हातांनी आकाश बदलले जाते तेच हात गावोगावी या कागदपत्रांचेही काम करतात. एखाद्याने आभाळ गडद केले तर खऱ्या नुकसानग्रस्ताच्या छायाचित्रावरचाही विश्वास उडतो आणि त्याची किंमत ज्याने काहीच बदललेले नाही त्याला मोजावी लागते. म्हणून संगणक अभ्यासक्रमात धुके 'घालणे' शिकविताना धुके 'तपासणे'ही शिकविणे आवश्यक आहे.

तपासणीस कोणतेही महागडे साधन लागत नाही. छायाचित्रात ओळीने उभ्या असलेल्या सारख्या वस्तू शोधाव्यात. खांब, कुंपणाचे दगड, पऱ्हाटीच्या ओळी, काहीही चालेल. प्रत्येकीचा सर्वांत गडद बिंदू 'आयड्रॉपर' साधनाने वाचावा आणि धुक्याच्या मूल्यापासून तो किती दूर आहे ते लिहावे. धुके खरे असेल तर ही अंतरे साधारण ठरावीक प्रमाणात घटत जातात. ती सगळीकडे सारखीच निघाली, तर थर एकसारखा दिलेला आहे. खांबाच्या पायाशी एक मूल्य आणि शेंड्याशी दुसरेच निघाले, तर बहुधा ग्रेडियंट ओढलेला आहे. आकाशाच्या बाबतीत सावल्यांची दिशा पाहावी, मग ढगांचे तळ क्षितिजाकडे चपटे होत जातात का ते पाहावे, आणि शेवटी चित्र मोठे करून झाडाच्या शेंड्याभोवती जुन्या आकाशाची फिकट कड उरली आहे का ते शोधावे. ती बहुतेक वेळा उरलेली असते.